‘इथं सही करा’

खानापूर किंवा येळ्ळूरकडचा पेशंट बेळगावात ऑपरेशनसाठी ॲडमिट होतो. आदल्या संध्याकाळी नर्स कागद पुढे करते, बोटाने जागा दाखवते, ‘इथं सही करा.’ कागद कन्नडमध्ये, नाहीतर इंग्रजीत. पेशंट मुलाकडे बघतो. मुलगा कन्नड शिकलेला असला तर चार ओळी वाचतो, नसला तर म्हणतो, ‘काय नाही, सगळ्यांचीच घेतात.’

हा संमतीचा कागद तसा नवा. १८९४ साली मिरजेत मिशनचे हॉस्पिटल सुरू झाले. त्यानंतर आपल्याकडची कितीतरी घरे अवघड दुखणे घेऊन रेल्वेने तिकडे जात राहिली. बाकी सारा भरवसा गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरवर. तो तीन पिढ्यांना ओळखायचा आणि दुखणे काय आहे ते पेशंटऐवजी घरातल्या कर्त्याला सांगायचा. त्या काळाचे गोडवे गाणाऱ्यांनी हेही आठवावे.

कोर्टाची पायरी चढली गेली ती चूक झाल्यावर. १९५३ साली कोकणातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर एका तरुणाची मांडी मोडली. त्याला पुण्याला नेले, तिथे भूल न देता हाड ओढून बसवले आणि तो दगावला. वडील स्वतः डॉक्टर. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ हा खटला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला १९६८ साली. केस घ्यायची की नाही, उपचार कोणता द्यायचा आणि तो कसा द्यायचा, या तिन्ही ठिकाणी डॉक्टरवर काळजी घेण्याची जबाबदारी असते, असे त्यात ठरले. पेशंटला काय सांगितले होते, हा प्रश्न तेव्हा ऐरणीवर नव्हता. खटला सुरू झाला तेव्हा बेळगाव मुंबई राज्यात होते. निकाल लागेपर्यंत ते म्हैसूर राज्यात जाऊन बारा वर्षे होत आली होती.

१९९५ साली डॉक्टरी सेवा ग्राहक कायद्याखाली आली आणि सह्यांचे कागद वाढले. २००२ च्या मेडिकल कौन्सिलच्या आचारनियमांत ऑपरेशनपूर्वी लेखी संमती घ्यायला सांगितले आहे. पण त्या वाक्यात आधी येतात नवरा-बायको, मग अल्पवयीनाचे आईबाप किंवा पालक, आणि शेवटी खुद्द पेशंट! हा क्रम खरा मोडला २००८ साली, दिल्लीच्या ‘कोहली विरुद्ध मनचंदा’ खटल्यात. बाईने सही केली होती तपासणीसाठी. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले गेले. सज्ञान बाई शुद्धीवर येईपर्यंत थांबता येत होते, जिवाला तातडीचा धोका नव्हता, म्हणून आईची सही चालणार नाही, असे कोर्टाने सांगितले. शिवाय उपचार काय, धोका काय, दुसरा पर्याय कोणता, हे कळल्यावर दिलेली संमती तीच संमती.

कळायचे तर भाषा आलीच. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या आणि केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ साली पुढे आणलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत पेशंटला समजणाऱ्या भाषेत माहिती देण्याचा उल्लेख आहे. त्याच्या आदल्याच वर्षी, नोव्हेंबर २०१७ मध्ये, सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन भरले असताना राज्यभरचे खासगी डॉक्टर बेळगावात उतरले होते. खासगी हॉस्पिटलांच्या कायद्यातल्या दुरुस्तीत डॉक्टरांना तुरुंगवासाची तरतूद येणार होती. ती सौम्य झाली, त्या दुरुस्तीतली रुग्णांची सनद मात्र राहिली.

सीमाभागात १५ टक्क्यांचा निकष पोराटोरांना पाठ आहे: एवढे अल्पसंख्य भाषक असले तर सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही हव्यात. बसच्या पाट्यांसाठी, सातबाऱ्यासाठी मोर्चे निघाले. संमतीपत्र मराठीत द्या, अशी घोषणा मी तरी ऐकलेली नाही. २०२३ साली महाराष्ट्राने महात्मा फुले जन आरोग्य योजना ८६५ सीमागावांना लागू करायचे ठरवले, तेव्हाही दोन्ही राज्यांत वाजले ते खर्च कोणी करायचा आणि हद्द कुणाची यावरून.

पेशंटला हद्द नसते. चंदगड महाराष्ट्रात, पण तिथल्या माणसाला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ. आणि अथणी-रायबागकडचा कन्नड शेतकरी अजूनही मिरज गाठतो. तिथे त्याच्यापुढे येणारा कागद मराठीत असला, तर मुलाकडे बघायची पाळी त्याची.