न्याय्य ऊर्जा-संक्रमण (कोळसा क्षेत्र)

कोळशाच्या खाणी व औष्णिक वीजकेंद्रे बंद होत असताना तिथले कामगार आणि भोवतालची गावे उघड्यावर पडू नयेत, यासाठी आखायची धोरणे व कार्यपद्धती. या संकल्पनेमागे अशा कामगारांना आधार मिळावा ही अमेरिकी कामगार नेते टोनी माझोकी यांची मागणी आहे. २०१५ च्या हवामानबदलविषयक पॅरिस कराराच्या प्रास्ताविकेत या संकल्पनेला स्थान मिळाले.

पहिले काम मोजणीचे, आणि बहुतेक योजना इथेच फसतात. कंपनीच्या हजेरीपटावरील कामगाराची दुसऱ्या खाणीत बदली होते किंवा त्याला निवृत्तिलाभ मिळतो. ठेकेदाराकडे माती उपसणारे, ट्रकचालक, क्लीनर, रेल्वे सायडिंगवरचे मजूर त्या पटावर नसतात; वणी, घुग्गुस, बल्लारपूर अशा गावांतले खानावळवाले आणि टायरवाले तर कुठेच नसतात. म्हणून ठेकेदारांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या नोंदी आणि घरोघरचे सर्वेक्षण ताडून यादी करावी लागते, तीही खाण चालू असतानाच. खाण बंद झाल्यावर ठेकेदार निघून जातात आणि कागदही त्यांच्याबरोबर जातात.

दुसरा गुंता जमिनीचा. १९५७ च्या कोळसाधारक क्षेत्र कायद्याखाली संपादित जमीन कोळसा संपला म्हणून आपोआप मूळ मालकाकडे परत जात नाही. कोल इंडियाच्या २०१२ च्या पुनर्वसन धोरणात दर दोन एकरांमागे एक नोकरी हे सूत्र आहे. नोकरी मिळालेला माणूस निवृत्त झाला की पुढच्या पिढीकडे ना शेत, ना नोकरी. परत दिलेली जमीनही लगेच पिकत नाही. वरची सुपीक माती सुरुवातीलाच वेगळी साठवली नसेल, तर खाणीतून उपसलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावर मुरूम आणि दगडच उरतात.

अशा जागेवर सौरप्रकल्प उभारण्याचा उपाय सर्रास सुचवला जातो. एका मेगावॅटला साधारण चार ते पाच एकर लागतात. नव्याने भरलेला ढिगारा मात्र अनेक वर्षे खचत राहतो, त्यामुळे सांगाड्यांचे पाये तिरके होतात. राहिलेला कोळसा आतून पेटण्याचा धोका वेगळाच. शिवाय उभारणीच्या काळात मजूर बरेच लागतात, नंतर देखभालीला मोजकेच. खाणीतला रोजगार एवढ्याने भरून निघत नाही.

वेळेचे महत्त्व दोन उदाहरणांत दिसते. जर्मनीने दगडी कोळशाचे खाणकाम थांबवण्याचा निर्णय २००७ मध्ये घेतला आणि शेवटची खाण डिसेंबर २०१८ मध्ये बंद केली. त्या अकरा वर्षांत नवी भरती आवरून व मुदतपूर्व निवृत्ती देऊन मनुष्यबळ उतरवता आले. दक्षिण आफ्रिकेतील कोमाती या कोळशावरील वीजकेंद्राचा शेवटचा वीजनिर्मिती संच ऑक्टोबर २०२२ मध्ये थांबला, तेव्हा पर्यायी कामे उभी राहिलेली नव्हती.

भारतात खाणबाधितांसाठीचा जिल्हा खनिज प्रतिष्ठान निधी २०१५ च्या कायदादुरुस्तीतून आला. तो स्वामित्वधनाच्या (खनिजावर सरकारला द्यायच्या रॉयल्टीच्या) प्रमाणात, जुन्या खाणपट्ट्यांसाठी ३० टक्के, जमा होतो. म्हणजे उत्पादन घटू लागते आणि गरज वाढते, नेमका तेव्हाच तो आटतो. २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये असा स्वच्छ ऊर्जा उपकर लागला, २०१६ पर्यंत तो ४०० रुपये झाला. पण २०१७ मध्ये त्याची जागा वस्तू व सेवा कराच्या भरपाई उपकराने घेतली आणि पैसा राज्यांची करतूट भरण्याकडे वळला.