पहिला नंबर आणि पुढची पिढी: प्रदर्शनी सशांच्या पैदाशीची पार्श्वभूमी

प्रदर्शनात पहिला आलेला नर पैदाशीलाही सर्वांत चांगला, असं धरून चालणारे ससेपालक आजही बरेच आहेत. ही समजूत कुठे टिकते आणि कुठे पार फसते, हे निवड-पैदाशीच्या इतिहासात नीट दिसतं.

पाळीव सशाच्या सगळ्या जाती युरोपातल्या एकाच रानसशापासून निघाल्या. मांसासाठी आणि कातडीसाठी तो शतकानुशतकं पाळला गेला. रूपाची चढाओढ रंगली ती एकोणिसाव्या शतकात, विशेषतः इंग्लंडमध्ये. तिथल्या हौशींनी सगळा जोर लोंबत्या कानांवर दिला. डार्विनने १८६८ च्या ग्रंथात, एका कानाच्या टोकापासून दुसऱ्या कानाच्या टोकापर्यंत २२ इंच भरलेल्या सशाची नोंद केली आहे. कवट्या मापताना त्याला आणखी एक गोष्ट आढळली: ज्याचा एकच कान लोंबतो, त्याच्या कवटीच्या दोन बाजूही सारख्या नसतात. निवड कानाची झाली, पण हाडही बदललं.

निवड-पैदाशीची खरी पद्धत त्याआधीच, अठराव्या शतकात, मेंढ्यांवर घडली होती. लेस्टरशरचा रॉबर्ट बेकवेल आपले मेंढे हंगामापुरते भाड्याने देई. इतरांच्या कळपात त्यांची कोकरं कशी निपजतात ते पाही आणि त्यावरून मेंढ्याची किंमत ठरवी. बापाची परीक्षा पिल्लांवरून! माझ्या मते सशांच्या पैदाशीतही यापेक्षा मोलाची शिकवण दुसरी नाही.

१९०० मध्ये मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम पुन्हा उजेडात आले आणि बापाची परीक्षा पिल्लांवरून का करावी, याचं कारण कळू लागलं. १९१९ मध्ये फ्रान्समधल्या एका शेतावर आखूड, मखमली केसांची पिल्लं जन्मली. तीच रेक्स जात. रेक्सची जोड साध्या सशाशी लावली की पिल्लं साध्याच केसांची होतात, पण त्यांच्या आपसातल्या पैदाशीत मखमल पुन्हा उमटते. पहिलं वेत पाहून निराश होणाऱ्याच्या हातून हा गुण निसटलाच असता.

ठिपक्यांच्या इंग्लिश स्पॉट जातीत पेच याहून अवघड आहे. पिल्लाला प्रत्येक जनुकाची एक प्रत आईकडून आणि एक बापाकडून मिळते; प्रदर्शनाला हवे तसे ठिपके ठिपक्यांच्या जनुकाची एकच प्रत असेल तरच येतात. म्हणून दोन विजेत्यांच्या वेतात सरासरीने निम्मीच पिल्लं तशी निघतात. पाव एकरंगी, तर पाव जवळजवळ पांढरी, आणि या पांढऱ्यांना मोठ्या आतड्याचा आजार जडू शकतो. नेदरलँड ड्वार्फ या बुटक्या जातीत तर बुटकेपणाच्या जनुकाच्या दोन प्रती आलेली पिल्लं जन्मल्यावर थोड्याच दिवसांत मरतात. एकच प्रत असलेली विजेती जनावरं पिढ्यान्‌पिढ्या निवडत राहिलं, तरी जात शुद्ध उतरत नाही.

१९१० मध्ये स्थापन झालेली अमेरिकन रॅबिट ब्रीडर्स असोसिएशन नोंदणीसाठी तीन पिढ्यांची वंशावळ मागते. त्यात पूर्वजांचे रंग आणि वजनं असतात. एका वेतात किती पिल्लं झाली, किती जगली, आईने ती नीट पाजली का, हे मात्र पाळणाऱ्यालाच आपल्या वहीत टिपावं लागतं.