लायसन्स चेक एकाच फंक्शनमध्ये ठेवलाय? मग हे वाचा

सी मध्ये सॉफ्टवेअर लिहिणारे बरेच जण लायसन्स तपासायला एकच फंक्शन लिहितात, लायसन्स बरोबर असेल तर 1 नाहीतर 0, आणि मग सगळीकडून त्यालाच कॉल. कोड वाचायला छान, पण क्रॅक करणाऱ्यालाही तेच हवं असतं. तो घिड्रामध्ये आपली एक्झी (तयार प्रोग्रामची फाइल) उघडतो (तयार प्रोग्राम उलगडून आतला कोड दाखवणारं हे टूल अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने 2019 मध्ये फुकट खुलं केलं), "लायसन्स संपलं" हा मेसेज शोधतो, तो कुठून दाखवला जातोय ते बघत मागे मागे जातो आणि थेट त्या फंक्शनवर पोचतो. तिथे सुरुवातीलाच "1 परत दे" असं लिहायला इंटेल प्रोसेसरवर जेमतेम 6 बाइट लागतात आणि सगळे कॉल एका झटक्यात निकामी!

यावर उपाय म्हणजे फंक्शन इनलाइन करणं. तसं केलं की कॉल उरतच नाही, चेकचा कोड जिथे जिथे वापरलाय तिथे तिथे उतरतो, शिवाय कंपायलर प्रत्येक ठिकाणी रजिस्टर (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागा) वेगळे घेऊ शकतो, आजूबाजूच्या कोडमध्ये तो मिसळून टाकतो, त्यामुळे एकच जागा बदलून (पॅच करून) भागत नाही, प्रत्येक कॉपी हुडकावी लागते.

पण नुसतं इनलाइन लिहून निवांत बसू नका. सी99 (सी भाषेचं 1999 चं स्टँडर्ड) पासून हा शब्द भाषेत आहे खरा, तरी कंपायलर तो ऐकेलच असं नाही, जीसीसी हा कंपायलर तर ऑप्टिमायझेशन बंद असताना साधं इनलाइन करतच नाही. म्हणून स्टॅटिक इनलाइन लिहा, सोबत ऑलवेज-इनलाइन अ‍ॅट्रिब्यूट (इनलाइन कराच असं कंपायलरला सांगणारी खूण) लावा आणि बिल्ड झाल्यावर ऑब्जडंपने (तयार फाइलमधल्या मशीन सूचना दाखवणारं टूल) बघा, त्या नावाचा कॉल अजून दिसतोय का. हे बघणं लोक हमखास टाळतात.

आणि मेसेज चेकच्या शेजारीच दाखवलात तर सगळं मुसळ केरात, कारण त्याच मेसेजवरून सगळ्या कॉपी सापडतात. चेक फेल झाला की फक्त नोंद ठेवा, मेसेज नंतर दुसरीकडून दाखवा.

तरीही चिकाटीचा माणूस चेकच्या निकालावर वाट ठरवणारी एकेक जंप सूचना शोधून तिचा बाइट 74 चा 75 (म्हणजे अट उलटी) करेलच, त्याला फक्त वेळ जास्त लागेल. म्हणून माझं मत असं की चेकमधून हो-नाही काढूच नका, लायसन्सच्या डेटातून एक की (गुप्त किल्ली) काढा आणि प्रोग्रामला लागणारं, आधी कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करून ठेवलेलं एखादं टेबल त्या कीने डिक्रिप्ट करा. मग जंप कितीही बदलल्या तरी खऱ्या लायसन्सशिवाय ते टेबल उघडत नाही.