बीएमडब्ल्यूच्या चिन्हात पंखा नाहीच

बीएमडब्ल्यूच्या बॉनेटवरचं निळं-पांढरं गोल चिन्ह म्हणजे निळ्या आकाशात गरगरणारा विमानाचा पंखा, असं आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. कंपनी मुळात विमानांची इंजिनं बनवायची, त्यामुळे गोष्ट चटकन पटतेही. पण ती खरी नाही.

जुलै १९१७ मध्ये म्युनिकच्या ‘राप मोटोरेनवेर्के’ या इंजिन कारखान्याचं नाव बदलून ‘बायरिशे मोटोरेन वेर्के’ (थोडक्यात बीएमडब्ल्यू), म्हणजे जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांताचा इंजिन कारखाना, असं ठेवलं गेलं. ५ ऑक्टोबरला नव्या चिन्हाची नोंदणी झाली. रापच्या जुन्या चिन्हातलं काळं कडं तसंच राहिलं, आतला घोडा गेला आणि तिथे बव्हेरियाचे रंग आले. आता चिन्ह जरा निरखून बघा. वरचा डावा तुकडा निळा, त्याच्या शेजारचा पांढरा. बव्हेरियाचा क्रम याच्या उलट, आधी पांढरा मग निळा. राजचिन्हं व्यापारासाठी वापरायला तेव्हाच्या कायद्यात बंदी होती, म्हणून ही अदलाबदल!

मग पंखा आला कुठून? १९२९ च्या एका जाहिरातीतून. परवान्यावर बनवलेल्या विमान-इंजिनाच्या त्या जाहिरातीत फिरत्या पंख्यांमध्ये हे चिन्ह दाखवलं होतं. चिन्ह तोवर १२ वर्षांचं झालेलं. पुढे १९४२ मध्ये कंपनीच्याच नियतकालिकाने तीच गोष्ट छापली. कंपनीनेही ती खोडून काढायची फारशी घाई केली नाही. फुकटची प्रसिद्धी कोण नाकारेल?