उपळसरी: सीमाभागातल्या मुळाची जुनी ओळख

बेळगावजवळच्या खानापूरहून जांबोटी, कणकुंबीकडे निघालं की झुडपांना बिलगलेली एक बारीक वेल दिसते. एकाच वेलीवर काही पानं सुरीच्या पात्यासारखी अरुंद, काही चांगली रुंद. मधल्या शिरेवर पांढरट पट्टा, तोडलं की चीक. मूळ मात्र खणूनच काढावं लागतं. वेडंवाकडं, तपकिरी, साल नखानं खरवडली की व्हॅनिलासारखा गोड वास बोटांना लागतो. हीच उपळसरी, म्हणजे अनंतमूळ. कन्नडमध्ये ‘सोगदे बेरु’, ‘नामद बेरु’. बेरु म्हणजे मूळ, आणि पानावरचा तो पट्टा कपाळावरच्या उभ्या नामासारखाच दिसतो.

चरकसंहितेत ‘सारिवा’ ताप उतरवणाऱ्या, दाह शमवणाऱ्या आणि आईचं दूध शुद्ध करणाऱ्या गणांत येते. घरोघरी तिचा उपयोग याच वाटेनं चालत आला: उन्हाळी लागली, अंगावर पुरळ उठलं की मूळ ठेचून काढा करायचा, नाहीतर दुधात उकळायचं.

पुढची गोष्ट मला खटकते. पोर्तुगीज आल्यानंतर इथं नवा गुप्तरोग पसरला. १६व्या शतकातल्या भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथात त्याला ‘फिरंग रोग’ म्हटलं आहे आणि त्यावर चोपचीनी हे औषधी मूळ सांगितलं आहे. युरोपात त्याच रोगावर अमेरिकेतून आलेलं सार्सापरिला या वेलीचं मूळ चाले. इंग्रजांना उपळसरी म्हणजे त्याचाच स्वस्त बदली माल वाटला. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं तिला दिलेल्या शास्त्रीय नावातच ‘स्यूडोसार्सा’, म्हणजे खोटी सार्सा, घातलं. १८६४च्या ब्रिटिश औषधकोशात ती अधिकृत झाली, तरी ‘इंडियन सार्सापरिला’ हे नाव काही सुटलं नाही. दोन्ही वनस्पतींचं नातंगोतं काहीच नाही. सार्सापरिलाची खरी भावकी आपल्या रानातली घोटवेल! हजारो वर्षं स्वतःच्या नावानं ओळखलं गेलेलं मूळ असं दुसऱ्याची नक्कल ठरलं.

बेळगावात २००६ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं केंद्र सुरू झालं; आज ती पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे. अशी मुळं पारखायला त्याहून जवळची जागा आपल्याला कुठली मिळणार?

विकत घेताना मात्र जपा. ‘काळी उपळसरी’ म्हणून वेगळ्याच वेलींची मुळं बाजारात येतात. एक तुकडा मोडून हुंगा. तो गोड वास आला नाही, तर पुडी तिथंच परत करा.