संपासाठी युनियन बदलताना: इंग्लंडमधील शिक्षकांसाठी पात्रता, माहिती आणि अर्जाची पद्धत

जानेवारी २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या दोन मोठ्या शिक्षक युनियननी पगारवाढीच्या एकाच प्रश्नावर टपालाने घेतलेल्या मतदानाचे निकाल आले. त्यातल्या एनएएसयूडब्ल्यूटी या युनियनच्या मतदारांपैकी दहातल्या जवळपास नऊ जणांनी संपाला होकार दिला होता, पण मतदानच ४२ टक्के झालं. कायद्याला तेव्हा किमान ५० टक्के लागत होतं, त्यामुळे तो कौल बाद झाला. नॅशनल एज्युकेशन युनियन, म्हणजे एनईयू, हिचं इंग्लंडमधलं मतदान ५३.२७ टक्के झालं, त्यातले ९०.४४ टक्के संपाच्या बाजूने, आणि १ फेब्रुवारीचा संप कायदेशीर ठरला. एकाच शाळेत, एकाच पगारश्रेणीत काम करणारे दोघे. एकाला त्याची युनियन संपावर बोलावणार, दुसऱ्याला नाही. मग लोकांनी सरळ युनियन बदलली. निकालानंतरच्या काही आठवड्यांत चाळीस हजारांवर नवे सभासद आल्याचं एनईयूने तेव्हा सांगितलं होतं.

भारतातून गेलेले शिक्षक आता तिथे बरेच आहेत. त्यांना हे सगळं नवं असतं आणि व्हिसाची धास्तीही असते, म्हणून ही माहिती जरा सविस्तर देतो. अर्ज भरायला पंधरा मिनिटं पुरतात. घोटाळा होतो तो अर्जाच्या आधी काय पाहिलं नाही यावरून.

मुळात बदलायची गरज आहे का?

तुम्ही कुठल्याच युनियनचे सभासद नसाल तर संपात उतरण्यासाठी सभासद होण्याची कायदेशीर सक्ती नाही. ज्या युनियनने रीतसर मतदान घेऊन तुमच्या शाळेत संप पुकारला आहे, त्या संपात बिगरसभासदही सामील होऊ शकतो. बडतर्फीपासून सभासदाला जे संरक्षण आहे तेच त्यालाही आहे. हे सरकारी माहितीतही स्पष्ट लिहिलेलं असतं, तरी स्टाफरूममध्ये नेमकं उलटंच ऐकायला मिळतं.

अडचण दुसऱ्या युनियनचं कार्ड असणाऱ्यांची असते. तुमच्या युनियनने हाक दिलेली नाही. अशा वेळी तुम्ही शेजारच्या युनियनच्या संपात गेलात आणि पुढे काही बिनसलं, तर तुमची युनियन पाठीशी उभी राहील याची खात्री नाही. कार्ड बदलण्याचा सगळा खटाटोप या एका कारणासाठी.

पात्रता: तुमची शाळा कौलात येते का ते आधी पाहा

माझ्या मते हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि तोच सर्वांत कमी लोक तपासतात. कौल मिळतो तो ठरावीक मालकांकडे काम करणाऱ्या सभासदांपुरता. २०२३ चा एनईयूचा कौल सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांचा होता. खाजगी शाळेतल्या शिक्षकाला तेव्हा युनियन बदलूनही त्या संपात जाता आलं नसतं. काही वेळा युनियन देशभराचं मतदान एकत्र मोजते, काही वेळा प्रत्येक मालकाचं वेगळं. वेगळं मोजलं असेल तर शेजारची शाळा संपावर आणि तुमची नाही, असं सहज होतं.

त्यामुळे नव्या युनियनच्या शाळेतल्या प्रतिनिधीला तीन गोष्टी विचारा. आपल्या मालकाला संपाची नोटीस गेली आहे का? कुठल्या तारखांसाठी? कौलाची मुदत कधी संपते? २०२३ मध्ये मालकाला १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागत होती आणि कौल ६ महिने टिकत होता. डिसेंबर २०२५ मध्ये संमत झालेल्या एम्प्लॉयमेंट राइट्स अ‍ॅक्टने हे नियम सैल केले: फेब्रुवारी २०२६ पासून नोटीस १० दिवसांची आणि कौल १२ महिन्यांचा. शिक्षणासारख्या सेवांमध्ये एकूण मतदारांपैकी ४० टक्क्यांचा होकार लागत असे, ती जादा अटही गेली. ५० टक्के मतदानाची अट मात्र त्या तारखेला गेली नाही. जुन्या नियमांवर लिहिलेली पत्रकं अजून फिरत असतात, तेव्हा पत्रकावरची तारीख पाहा.

मतदान झाल्यानंतर सभासद झालो तर चालतं का, हा नेहमीचा प्रश्न. चालतं. लंडन अंडरग्राउंडच्या रेल्वे कामगारांच्या खटल्यात १९९५ मध्ये अपील न्यायालयाने हे ठरवून टाकलं: मतदानानंतर आलेल्या सभासदांनाही युनियन संपावर बोलावू शकते. सभासद होऊन इतके दिवस झालेले असावेत, अशीही अट कायद्यात नाही. तरीही संपाच्या सकाळपर्यंत थांबू नका. पुष्टीचा ईमेल हातात असल्याशिवाय घरी बसण्यात अर्थ नाही.

शाळेचा पगार न घेणारे प्रशिक्षणार्थी, म्हणजे विद्यापीठाकडून सरावासाठी आलेले, संपावर जाऊ शकत नाहीत, कारण ते नोकरीतच नाहीत. पगारी प्रशिक्षणार्थी जाऊ शकतात.

युनियन नाही म्हणू शकते का?

सहसा नाही. ब्रिटिश युनियनच्या शिखर संस्थेत, टीयूसीत, एकमेकांचे सभासद पळवायचे नाहीत असा १९३९ चा ब्रिडलिंग्टन करार आहे. पण १९९३ च्या कायद्याने व्यक्तीला आपल्या पसंतीच्या युनियनमध्ये जाण्याचा हक्क दिला आणि नकाराची कारणं मोजकीच ठेवली. तेव्हा भांडण झालंच तर ते दोन युनियनच्या कार्यालयांमधलं. तुमचा अर्ज त्यात अडकत नाही.

अर्जात काय लागतं

कागदपत्रं अपलोड करायची नसतात, माहिती भरायची असते. नाव, पत्ता, जन्मतारीख, खाजगी ईमेल (शाळेचा देऊ नका), हुद्दा, पूर्णवेळ की अर्धवेळ, शाळेचं नाव आणि पोस्टकोड, वर्गणीसाठी बँकेचा खातेक्रमांक आणि सॉर्ट कोड (बँकशाखेचा क्रमांक). काही ठिकाणी शिक्षक संदर्भ क्रमांक किंवा नॅशनल इन्शुरन्स क्रमांक विचारतात. हे दोन्ही क्रमांक आणि पगाराची स्लिप जवळ ठेवून बसा.

एका रकान्यावर थांबा: मालक. तुम्ही अकॅडमीत (सरकारी पैशावर पण ट्रस्टने चालवलेल्या शाळेत) शिकवत असाल तर तुमचा मालक शाळा नसून तिच्यामागची ट्रस्ट असते. एका ट्रस्टकडे वीस शाळा असू शकतात. युनियन मालकाला नोटीस देते तेव्हा कोणत्या कामाच्या ठिकाणचे, कोणत्या प्रकारचे, किती कर्मचारी हे सांगते. तुमची नोंद चुकीच्या शाळेवर पडली तर तुम्ही त्या आकड्यात येत नाही आणि पुढच्या मतदानाचा लिफाफाही भलतीकडे जातो. ट्रस्टचं नेमकं नाव नेमणूकपत्राच्या पहिल्या पानावर असतं, तसंच लिहा.

जुन्या युनियनमधून बाहेर पडताना

इथे घाई महागात पडते. तुमच्यावर शिस्तभंगाची चौकशी चालू असेल, पालकाची तक्रार असेल, पगारश्रेणीचा वाद असेल आणि जुनी युनियन ते प्रकरण पाहत असेल, तर थांबा. सभासद होण्याआधीपासून चालू असलेल्या प्रकरणात नवी युनियन वकील देत नाही, असाच सर्वसाधारण शिरस्ता आहे. जुनी सोडली की तिकडचा वकीलही जातो. म्हणजे एका दिवसाच्या संपासाठी चालू प्रकरणात उघडे पडाल. अशा वेळी दोन्हीकडे सभासद राहता येतं का ते विचारा. कायद्याची त्याला मनाई नाही, युनियनचे आपापले नियम असतात. दोन वर्गण्या काही महिने भरणं परवडतं.

असं काही प्रकरण नसेल तर क्रम असा: आधी नवीन, मग जुनं. मध्ये एक दिवसही मोकळा ठेवू नका.

१९९२ च्या युनियनविषयक कायद्यात सभासदाला वाजवी नोटीस देऊन बाहेर पडण्याचा हक्क आहे. नोटीस किती दिवसांची ते युनियनच्या नियमपुस्तकात असतं. बँकेतला डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप होणारी कपात) बंद केला म्हणजे राजीनामा झाला, असं समजू नका. तेवढ्याने वर्गणी थकल्याची पत्रं येत राहतात. ईमेल करा, चार ओळी पुरे: "मी, सभासद क्रमांक अमुक, या तारखेपासून सभासदत्व सोडत आहे. नोटिशीची मुदत नियमांप्रमाणे धरावी. शेवटची वर्गणी कधी कापली जाईल ते कळवावं. राजीनामा मिळाल्याची पोच द्यावी." कारण लिहायची गरज नाही. वर्गणी थेट पगारातून कापली जात असेल तर पगार विभागालाही लेखी कळवावं लागतं, हे बरेच जण विसरतात.

हेडटीचरला सांगायचं का?

कुठल्या युनियनचे आहात हे सांगणं बंधनकारक नाही, आणि संपावर जाणार का हेही नाही. हेडटीचर विचारू शकतात, कारण त्यांना वर्ग उघडे ठेवायचे की बंद ते ठरवायचं असतं; उत्तर देणं तुमच्या मर्जीवर. युनियन मालकाला आकडे देते, नावं देत नाही. मात्र संपाच्या दिवशी आजारी असल्याचं कळवू नका. संप तो संप, रजा ती रजा. दोन्हींची सरमिसळ केलीत तर कायद्याचं कवच जातं आणि खोटं बोलल्याचा ठपका येतो.

व्हिसावर असणाऱ्यांसाठी

स्किल्ड वर्कर व्हिसावर एका कॅलेंडर वर्षात चार आठवड्यांहून जास्त बिनपगारी गैरहजेरी झाली तर मालकाला सहसा स्पॉन्सरशिप (व्हिसाला दिलेला आधार) थांबवावी लागते. या नियमाला जे अपवाद आहेत त्यात कायदेशीर संप आहे. म्हणजे संपाचे दिवस त्या चार आठवड्यांत धरले जात नाहीत. "तू व्हिसावर आहेस, तू संपावर जाऊ नकोस" असा प्रेमळ सल्ला देणारे सहकारी भेटतील. त्यांना हा अपवाद माहीत नसतो. पण शब्द आहे कायदेशीर. म्हणून नोटिशीची तारीख, युनियनचा पुष्टीचा ईमेल आणि त्या महिन्याची पगार स्लिप एका फोल्डरमध्ये ठेवा. मुदतवाढीच्या वेळी मालकाच्या कार्यालयाने ते दिवस नुसते बिनपगारी म्हणून नोंदवले असतील तर हेच कागद दाखवावे लागतात.

पगार किती कापतात

सरकारी शाळांच्या शिक्षकांच्या सेवाशर्तींचं जे पुस्तक आहे, बर्गंडी बुक, त्यानुसार संपाच्या एका दिवसाला वार्षिक पगाराचा ३६५ वा भाग कापतात. वर्षाला ३६,५०० पौंड असतील तर करपूर्व १०० पौंड. शिक्षक वर्षात १९५ दिवस कामावर असतो म्हणून १९५ ने भागायचं, असा हिशेब काही मालक लावून पाहतात. तसं केलं तर तीच कपात १८७ पौंडांवर जाते. सहाव्या फॉर्मच्या (१६ ते १८ वयाच्या मुलांच्या) एका कॉलेजमधल्या शिक्षकांनी भागाकाराच्या अशाच वादावर थेट सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि मे २०१७ मध्ये ३६५ चाच हिशेब खरा ठरला. अकॅडमीचे करार वेगळे असू शकतात, तेव्हा स्वतःचा करार वाचा. संपाचा दिवस निवृत्तिवेतनाच्या सेवेत धरला जात नाही.

संप मिटल्यावर पुन्हा जुन्या युनियनमध्ये जायचं असेल तर हाच क्रम उलटा करायचा: आधी तिकडचा अर्ज, मग इकडचा राजीनामा. फक्त वादाचा कौल अजून चालू आहे का ते पाहा. २०२३ मध्ये १ फेब्रुवारीनंतर मार्च, एप्रिल, मे आणि शेवटी ५ व ७ जुलैलाही संपाचे दिवस लागले होते.