रंगाआधी आंघोळ: रेझिनचे कुत्रे रंगवणाऱ्यांसाठी

“रंग पापुद्र्यासारखा निघतोय, पीस बदलून द्याल का?” आम्ही रेझिनचे, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकचे, कुत्र्यांचे पुतळे न रंगवता पाठवतो; आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार हीच. सोबतचा फोटोही ठरलेला असतो: कानाच्या टोकावरचा रंग सोललेला आणि खालचं फिकट रेझिन उघडं पडलेलं. अशा वेळी पीसमध्ये खोट नसते. तो धुतलेला नसतो.

आमचे कुत्रे सिलिकॉनच्या साच्यात पॉलियुरेथेन रेझिन ओतून तयार होतात. पातळ कान आणि शेपूट न तुटता बाहेर यावी म्हणून साच्याला आतून रिलीज एजंट मारावाच लागतो. त्याचा पुसटसा थर पीसवर राहतो, तो डोळ्याला दिसत नाही आणि प्रायमरला, म्हणजे रंगाखालच्या अस्तराला, रेझिन धरू देत नाही. रंगवताना काहीच कळत नाही, हीच त्यातली खरी अडचण. आठ-दहा संध्याकाळी बसून अंगावरची छटा मनासारखी जमवावी आणि मास्किंग टेप काढताना त्याबरोबर अख्खी पाठ निघून यावी, याचं आम्हालाही वाईट वाटतं.

म्हणून आधी धुवा. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-चार थेंब आणि जुना, मऊ टूथब्रश पुरतो. पाठ सगळेच घासतात; राहून जातं ते पोटाखाली, मागच्या पायांच्या मध्ये, कानाच्या आत आणि केसांच्या खाचांत. स्वच्छ पाण्याने दोनदा खंगाळा आणि रात्रभर वाळू द्या. पाणी कढत नको, रेझिन मऊ पडून बारीक पाय वाकतात. हाच गुण एरवी उपयोगी पडतो: शेपूट वाकडी झाली असेल तर तेवढाच भाग गरम पाण्यात धरा, हलक्या हाताने सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात बुडवा.

“मग तुम्हीच धुऊन का पाठवत नाही?” असं बरेच जण विचारतात. धुऊन पाठवला तरी जोडरेषा (साच्याचे भाग जुळतात तिथे पीसवर उमटणारी रेघ) घासण्याचं काम तुमच्याकडेच होतं. त्या घासण्याची पूड आणि बोटांचा तेलकटपणा पुन्हा पीसवर बसतो, म्हणजे शेवटचं धुणं तुमच्याकडेच व्हायला हवं. घासताना 400 ते 600 नंबरचा वॉटरपेपर ओला करूनच वापरा आणि मास्क लावा. रेझिनची कोरडी धूळ छातीत जाणं चांगलं नाही. धुतल्यावर पीसला हात लावू नका. पंजाखाली बारीक भोक पाडून त्यात तार बसवा आणि ती बुचात खोचा, म्हणजे पीस न धरता चारही बाजूंनी रंगवता येतो.

रंग सोलायला लागलाच असेल तर त्यावर नवा हात मारू नका. अ‍ॅक्रिलिक रंग आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि ब्रशने निघतो. पीस त्यात भिजत मात्र ठेवू नका.

पुढचं तुम्ही जाणताच. दोनच गोष्टी सांगाव्याशा वाटतात. काळा कुत्रा निव्वळ काळ्या रंगाने रंगवला की त्याचे स्नायू दिसेनासे होतात. गडद तपकिरी किंवा करड्यापासून सुरुवात करा आणि काळा फक्त खोलगट भागात ठेवा. डाल्मेशियनचे ठिपके डोक्यावर आणि पायांवर लहान असतात, अंगावर मोठे. सगळे एकाच मापाचे काढले की कुत्रा छापील कापडासारखा दिसतो.

प्रत्येक डब्यात आम्ही त्याच ओतकामातला रेझिनचा एक तुकडा टाकतो. तो फेकू नका, रंगाची पहिली चाचणी त्यावर घ्या. हा सगळा खटाटोप नको असेल तर जोडरेषा घासून, धुऊन, प्रायमर मारलेला पीसही मागवता येतो. त्याला थोडे दिवस जास्त लागतात, कारण प्रत्येक पीस हाताने होतो. कान तुटलेला निघाला किंवा बुडबुड्याचं मोठं भोक दिसलं तर पीस आम्ही बदलून देतो. फक्त फोटो रंग लावण्याआधी पाठवा.